छोटे विमान, मोठी जबाबदारी

विमान आणि नाशिक यांचे नाते जुने आहे. ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला. तेथे आधी मिग आणि पुढे सुखोई-३० विमाने बांधली गेली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी येथेच तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने आकाशात झेप घेतली. गांधीनगरच्या धावपट्टीवरून लष्कराची प्रशिक्षणार्थी हेलिकॉप्टर्स दररोज शहरावरून जातात. अशा गावातील मुलांना विमानाचे वेड लागले नाही, तरच नवल! हे वेड भागविण्याचा सर्वांत सुंदर मार्ग म्हणजे एरोमॉडेलिंग, अर्थात विमानाची लहान प्रतिकृती स्वतः बांधून ती रेडिओ लहरींच्या साह्याने उडविणे.

रेडिओने दूरवरचे यंत्र चालविण्याची कल्पना निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे छोट्या बोटीच्या साह्याने प्रत्यक्षात दाखविली. १९३७ च्या सुमारास अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमान यशस्वीपणे उडविले. आपल्याकडे राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेने एरोमॉडेलिंगला प्रशिक्षणात स्थान दिले. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील स्पर्धांमुळे हा छंद अधिक पसरला. पूर्वी बाल्सा लाकूड आणि परदेशी इंजिने यांवर मोठा खर्च करावा लागे. आता फोम, विजेवर चालणारी मोटर आणि लिथियम बॅटरी यांमुळे शाळकरी विद्यार्थीही विमान बांधू शकतो. छंद स्वस्त झाला, सोपा झाला. मात्र त्यातील धोका त्या प्रमाणात कमी झालेला नाही. तो कसा ओळखावा आणि कसा टाळावा, याची ही माहिती.

खेळणे नव्हे, विमान

मॉडेल विमानाला खेळणे समजणे, ही पहिली चूक. दोन किलो वजनाचे विमान ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्यातील गतिज ऊर्जा सुमारे ४०० ज्यूल भरते. दोन किलोचा दगड सहा-सात मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडला, तर जमिनीवर आदळताना त्यात जवळजवळ एवढीच ऊर्जा असते. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा ती तिपटीहून अधिक आहे. चेंडूला फलंदाज हेल्मेट घालून सामोरा जातो. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या लहान मुलाच्या डोक्यावर हेल्मेट नसते.

प्रोपेलरची गोष्ट आणखी वेगळी. दहा इंच व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला दहा हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी पावणेपाचशे किलोमीटरच्या पुढे जातो. फिरताना तो जवळजवळ अदृश्य होतो. विजेची मोटर आवाज न करता थांबलेली असते आणि कांडीला चुकून धक्का लागताच क्षणात पूर्ण वेग घेते. पेट्रोल अथवा ग्लो इंजिन अडथळा आला की अनेकदा बंद पडते. विजेची मोटर मात्र अडथळा आला तरी फिरण्याचा प्रयत्न करीतच राहते. त्यामुळे बोटांच्या गंभीर जखमांचे प्रसंग हवेपेक्षा जमिनीवरच अधिक ओढवतात.

कौशल्य असले म्हणजे धोका संपला, असेही नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका उद्यानात १९ वर्षांच्या युवकाचा त्याच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचे पाते लागून मृत्यू झाला. तो नवशिका नव्हता. अवघड कसरती करण्यात त्याचा हातखंडा होता. हाताच्या कौशल्याला मर्यादा असते. अंतर, तपासणी आणि वेळीच नकार देण्याची तयारी या तीन गोष्टी मात्र नवशिक्याचे आणि निष्णाताचे सारखेच रक्षण करतात.

नाशिकचे आकाश मोकळे नाही

इतर अनेक शहरांच्या तुलनेत नाशिकमधील मॉडेल वैमानिकाची जबाबदारी मोठी आहे, कारण येथील आकाशाचा बराच भाग आधीच वापरात आहे. जानोरी शिवारालगतच्या ओझर विमानतळावरून लढाऊ विमानांच्या चाचण्या होतात, हवाई दलाचा दुरुस्ती तळ तेथे आहे आणि प्रवासी विमानांचीही ये-जा असते. गांधीनगर येथे लष्कराच्या हवाई शाखेची प्रशिक्षण संस्था आहे. देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आणि गोळीबाराचे क्षेत्र आहे. नाशिकरोडला चलनी नोटांचे आणि प्रतिभूतींचे मुद्रणालय, तर एकलहरे येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. यांपैकी कोणत्याही ठिकाणाजवळ ‘थोडा वेळ उडवून पाहू’ हा विचार मनातही आणू नये.

यात केवळ सुरक्षेचा प्रश्न नाही. प्रशिक्षणातील हेलिकॉप्टर कमी उंचीवरून जाते. त्याच्या शेपटीकडील पंख्यावर अथवा काचेवर एक-दोन किलोचे मॉडेल आदळले, तर आतील प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक या दोघांचेही प्राण धोक्यात येतात. खालून विमान उडविणाऱ्याला हेलिकॉप्टर ऐकू येते आणि दिसते. वरच्या वैमानिकाला फोमचे पांढरे मॉडेल बहुधा दिसत नाही. म्हणून वाट देण्याची जबाबदारी खालच्याचीच. नियमही तेच सांगतो. हेलिकॉप्टरचा आवाज कानावर येताच, ते दिसण्याची वाट न पाहता, मॉडेल खाली आणावे.

२०२२ मध्ये गांधीनगरच्या लष्करी प्रशिक्षण संस्थेच्या परिसरावर अनोळखी ड्रोन आढळल्यानंतर पोलिसांनी गुन्हा नोंदविला. त्यानंतर शहरातील ड्रोनधारकांना आपले ड्रोन पोलीस ठाण्यात जमा करण्यास सांगण्यात आले. एकाने केलेल्या आगळिकीची झळ नियम पाळणाऱ्या सर्वांना कशी बसते, याचे हे उदाहरण. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींचे दौरे, निवडणुका आणि सिंहस्थ कुंभमेळा या काळात पोलीस आयुक्तालयाकडून तसेच जिल्हा प्रशासनाकडून तात्पुरते मनाई आदेश निघतात. मॉडेल विमान हे ड्रोन नाही, हा युक्तिवाद अशा वेळी उपयोगी पडत नाही.

कायदा काय सांगतो

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१४ मध्ये मानवरहित विमानांच्या नागरी वापरावर बंदी घातली होती. २०१८ मध्ये प्रथम नियमावली आली आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘ड्रोन नियम, २०२१’ अधिसूचित झाले. चार पंखांचा ड्रोन, पंखांचे विमान आणि हेलिकॉप्टर हे तिन्ही प्रकार या नियमांच्या कक्षेत येतात.

या नियमांत ‘मॉडेल’ हा स्वतंत्र प्रकार मानला आहे. वजन २५ किलोपेक्षा अधिक नसलेले, शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा करमणूक यांसाठी वापरले जाणारे आणि नजरेच्या टप्प्यात उडविले जाणारे यंत्र म्हणजे मॉडेल. त्याला प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही. याचा अर्थ त्याला कोणताच नियम लागू नाही, असा मात्र होत नाही. वजनानुसार २५० ग्रॅमपर्यंत ‘नॅनो’, त्यापुढे दोन किलोपर्यंत ‘मायक्रो’ आणि दोन ते २५ किलोपर्यंत ‘स्मॉल’ असे वर्ग आहेत. बॅटरी आणि कॅमेरा यांसह भरणारे संपूर्ण वजन येथे धरले जाते. नॅनो वर्गासाठी आणि अव्यावसायिक मायक्रो वर्गासाठी दूरस्थ वैमानिकाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. दोन किलोच्या पुढे मात्र ते लागते. त्यासाठी वय १८ पूर्ण आणि दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. नॅनो वगळता अन्य वर्गांसाठी त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा नियमांत अभिप्रेत आहे. यंत्राची नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घेणे, हा या व्यवस्थेचा पाया आहे.

आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे असे तीन विभाग केलेले आहेत. लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय, तर पिवळ्या विभागात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. हिरव्या विभागात ४०० फूट, म्हणजे १२० मीटर उंचीपर्यंत मुभा आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मुभा २०० फुटांवर, म्हणजे ६० मीटरवर येते. कोणती जागा कोणत्या विभागात आहे, हे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरील नकाशात पाहता येते. हा नकाशा बदलत असतो. गेल्या वर्षी हिरवी असलेली जागा यंदाही हिरवीच असेल, असे गृहीत धरू नये. उड्डाणाच्या दिवशी पुन्हा पाहावे. नियमभंगासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अपघात झाल्यास ४८ तासांच्या आत महासंचालनालयाला कळविणे बंधनकारक आहे.

परदेशातून तयार ड्रोन मागविण्यावर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. नातेवाइकांकडून परदेशातून यंत्र मागविण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

मैदान कसे असावे

कायद्याने परवानगी दिली म्हणजे जागा सुरक्षित झाली, असे नाही. नकाशा आकाशाचा रंग सांगतो. जमिनीवर काय आहे, ते स्वतःच पाहावे लागते. जागेच्या मालकाची, शाळेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी आधी घ्यावी. उड्डाणाच्या आदल्या दिवशी मैदान पायी फिरून पाहावे आणि वीजवाहिन्या, मोबाइल टॉवर, रस्ते, वस्ती आणि शेतात काम करणारी माणसे यांची नोंद करावी.

नाशिक जिल्ह्यातील शिवाराचे काही धोके खास येथलेच आहेत. द्राक्षबागांतील लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा दुरून दिसत नाहीत. बागेत फवारणी किंवा छाटणी करणारे मजूर तर वेलींच्या मांडवाखाली पूर्णपणे झाकले जातात. बाग रिकामी दिसली, तरी ती रिकामी असेलच असे नाही. बागेवरून, कांद्याच्या चाळीवरून अथवा जनावरांच्या गोठ्यावरून विमान नेऊ नये.

त्याहून मोठा धोका शेततळ्यांचा आणि कठडा नसलेल्या विहिरींचा. शेततळ्याला घातलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की अत्यंत निसरडा होतो. आत घसरलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. आकाशाकडे पाहत मागे सरकणारा वैमानिक आणि पडलेल्या विमानामागे धावणारे मूल, या दोघांनाही शेततळे आणि विहीर सारखीच घातक. मैदानाच्या दोनशे मीटर परिसरात असे काही असेल, तर दुसरी जागा शोधावी.

गड-किल्ले आणि लेण्यांचे कडे यांच्याजवळ आग्या मोहोळ असते. प्रोपेलरच्या आवाजाने आणि हालचालीने माश्या उठल्या, तर पर्यटकांच्या जिवावर बेतते. नांदूरमध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. तेथे आणि अन्य संरक्षित वनक्षेत्रांत वनविभागाच्या परवानगीशिवाय विमान उडविण्याचा विचारही करू नये. मोकळ्या माळावर घार मॉडेलकडे झेपावताना दिसली, तर विमान उतरवावे. घारीशी शर्यत लावण्यात शौर्य नाही.

संक्रांतीच्या आसपास येवल्यासह जिल्ह्यात पतंगांचा हंगाम असतो. तुटून झाडांवर आणि तारांवर लोंबणारा मांजा प्रोपेलरमध्ये गुंतला, तर मोटर थांबते आणि विमान हातचे जाते. नायलॉन मांजावर बंदी असली, तरी तो जागोजागी आढळतो. त्या पंधरवड्यात विमान घरीच ठेवलेले बरे.

मैदानावरील रचना साधी असावी. सर्व वैमानिकांनी एका रेषेत, एकमेकांच्या जवळ उभे राहावे. त्यांच्यापुढे उड्डाणक्षेत्र आणि त्यांच्या मागे, किमान तीस मीटर अंतरावर, प्रेक्षक व वाहने. या रेषेच्या मागे विमान कोणत्याही कारणाने नेऊ नये. सूर्य वैमानिकाच्या पाठीशी राहील अशी दिशा निवडावी. मॉडेल सूर्यबिंबासमोरून गेले की क्षणभर काहीच दिसत नाही आणि अपघाताला तो क्षण पुरतो.

रेडिओचा दुवा

वैमानिक आणि विमान यांना जोडणारी रेडिओ लहर डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच ती तपासावी लागते. जुन्या काळी ठरावीक स्फटिकाच्या वारंवारितेवर चालणारे संच असत. दोघांचा स्फटिक एकच असला आणि दुसऱ्याने नकळत आपला संच चालू केला की पहिल्याचे विमान कोसळे. त्यामुळे मैदानावर फळा टांगलेला असे आणि ज्याच्याकडे त्या वारंवारितेची चिमटी, त्यानेच संच चालू करायचा, अशी शिस्त होती. आताचे संच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात आणि वारंवारिता आपोआप बदलत राहतात, त्यामुळे हा धोका बराच कमी झाला. जुना संच वापरणाऱ्यांनी मात्र ती शिस्त आजही पाळावी.

नव्या संचांनाही मर्यादा आहेत. या पट्ट्यातील लहरी माणसाचे शरीर, धातू आणि ओली झाडी यांमुळे अडतात. अँटेनाचे टोक विमानाकडे रोखून धरल्यास त्या दिशेने संदेश सर्वांत क्षीण जातो. विमानातील रिसीव्हरला दोन अँटेना असतील, तर त्या एकमेकींशी काटकोनात बसवाव्यात आणि बॅटरीपासून दूर ठेवाव्यात. दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी संचाच्या माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे कमी शक्तीवर अंतराची चाचणी घ्यावी.

‘फेलसेफ’ ही सोय विसरू नये. संदेश तुटल्यावर विमानाने काय करावे, हे रिसीव्हरमध्ये आधी ठरवून ठेवता येते. काही रिसीव्हर शेवटचा संदेशच कायम धरून ठेवतात; म्हणजे पूर्ण वेगात दुवा तुटला, तर विमान पूर्ण वेगातच दूर जाते. फेलसेफमध्ये मोटर बंद होईल, अशी मांडणी करावी. ती तपासण्याची रीत सोपी आहे. प्रोपेलर काढून ठेवावा, मोटर हळू चालू करावी आणि ट्रान्समीटर बंद करावा. मोटर थांबली, तरच विमान उड्डाणास योग्य.

बॅटरी : शक्तीचा आणि आगीचा साठा

लिथियम पॉलिमर बॅटरीने हा छंद घराघरांत नेला. पण घरात आग लावण्याची क्षमताही तिच्यातच आहे. तिचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. तो ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. बरेच दिवस ठेवायची असल्यास सेलमागे सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी. लिथियमसाठीच बनविलेला आणि सेलचा समतोल राखणारा चार्जर वापरावा. २२०० मिलीअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी सर्वसाधारणपणे २.२ अँपिअरने चार्ज करावी.

चार्जिंग चालू असताना घराबाहेर जाऊ नये किंवा झोपू नये. बॅटरी फरशीवर, कोरड्या वाळूच्या बादलीजवळ, पडदे आणि गाद्यांपासून दूर ठेवावी. फुगलेली, दबलेली किंवा आपटलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. विमान कोसळल्यावर बॅटरी वरून ठीक दिसली, तरी ती काही काळाने पेट घेऊ शकते. म्हणून अर्धा तास तरी ती उघड्यावर, दगड-मातीवर ठेवून लक्ष द्यावे आणि मगच गाडीत घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत बॅटरी ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. निकामी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्यावी.

फाल्गुनानंतर डोंगर-माळावरील गवत वाळते. अशा गवतात पडलेल्या विमानाच्या बॅटरीतून निघालेली ठिणगी वणवा पेटवू शकते. उन्हाळ्यात उड्डाण करताना पाण्याचा कॅन, वाळू आणि झोडपण्यासाठी ओले पोते सोबत असावे.

उंची आणि ऊन

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण सहा टक्क्यांनी कमी असते. त्यात तापमान ४० अंशांवर गेले, तर ही घट चौदा टक्क्यांच्या आसपास पोहोचते. हवा विरळ झाली की पंखांना तेवढाच आधार मिळविण्यासाठी अधिक वेग लागतो. ज्या वेगाखाली पंख आधार सोडतात, तो वेग सुमारे आठ टक्क्यांनी वाढतो. प्रोपेलरचा ओढही कमी होतो. डिसेंबरच्या सकाळी सहज उडालेले विमान मेच्या दुपारी त्याच मैदानावर जड वाटते आणि वळताना अचानक एका बाजूला कोसळते. यात विमान बिघडलेले नसते. हवा बदललेली असते. दुपारच्या वेळी नांगरटीवर उठणारी वावटळ हलक्या मॉडेलला सहज उलटवते. त्यामुळे सकाळी सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास सर्वांत उत्तम. वळवाचे ढग जमू लागले, गडगडाट ऐकू आला, तर तत्काळ उड्डाण थांबवावे. उघड्या माळावर हातात अँटेना धरून उभे राहण्याची ती वेळ नव्हे.

हवेत असताना

नवशिक्याने सुरुवात संगणकावरील सिम्युलेटरवर करावी. विमान समोरून आपल्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे भासते. बहुतेक पहिले अपघात याच गोंधळातून होतात. त्यावर सोपा उपाय आहे. विमान समोरून येत असताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्या बाजूला कांडी ढकलावी. पंख सरळ होतो. प्रत्यक्ष शिकताना पंख वर बसविलेले, संथ गतीचे प्रशिक्षण विमान घ्यावे आणि शेजारी अनुभवी व्यक्ती असावी. दोन ट्रान्समीटर जोडून गुरूच्या हाती ताबा ठेवण्याची सोय असल्यास उत्तम. दुसऱ्याचा ट्रान्समीटर हाती घेण्यापूर्वी वेगाची कांडी डावीकडे आहे की उजवीकडे, हे विचारून घ्यावे.

उड्डाण आणि अवतरण दोन्ही वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करावे. एक चूक झाली आणि ती सुधारताना दुसरी झाली, तरी जमीन दूर राहील एवढ्या उंचीवरच कसरतीचा सराव करावा; ही उंची अर्थातच नियमांच्या मर्यादेत असावी. दीड मीटर पंखांचे मॉडेल तीनशे मीटर अंतरावर पौर्णिमेच्या चंद्राच्या जेमतेम निम्म्याएवढे दिसते. तेथे ते वर जाते आहे की खाली, हेही कळेनासे होते. विमान दिसणे पुरेसे नाही. ते कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे कळले पाहिजे. नजर हटवायचीच नसल्याने वैमानिकाच्या शेजारी एक निरीक्षक उभा असावा. माणसे, जनावरे आणि आकाशातील अन्य विमाने यांची सूचना त्याने द्यावी.

आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय. मोटर बंद पडली, ताबा सुटू लागला आणि विमान माणसांकडे जाण्याची शक्यता दिसली, तर ते वाचविण्याचा मोह सोडावा. वेग पूर्ण कमी करून ते मोकळ्या जमिनीवर मुद्दाम पाडावे. अनेक महिन्यांच्या मेहनतीने बांधलेले विमान स्वतःच्या हाताने पाडणे सोपे नाही. ते मैदानावर उभे असताना प्रथमच ठरविता येत नाही. घरून निघतानाच ठरवून यावे लागते. विमान पुन्हा बांधता येते.

विमान पडल्यावर

विमान पडले की सगळे धावतात आणि दुसरा अपघात तेव्हाच होतो. आधी कांडी शून्यावर आणावी आणि ट्रान्समीटर चालूच ठेवावा. विमानाजवळ पोहोचल्यावर प्रथम बॅटरीचा जोड सोडवावा, मग ट्रान्समीटर बंद करावा. वीजवाहिनीवर अथवा रोहित्रावर अडकलेल्या विमानाला काठी, बांबू किंवा दोरी लावू नये. महावितरणला कळवावे आणि वाट पाहावी. अकरा हजार व्होल्टची तार फोमचे विमान आणि माणूस यांत भेद करीत नाही.

उसाच्या फडात विमान पडल्यास एकट्याने, विशेषतः संध्याकाळी, आत शिरू नये. निफाड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यांत उसात बिबट्याचा वावर असतो. शेतमालकाला सांगून, दोघा-तिघांनी मिळून, दिवसाउजेडी शोध घ्यावा. पिकाचे नुकसान झाले असल्यास ते भरून द्यावे. गावकऱ्यांचा विश्वास हीच या छंदाची खरी धावपट्टी आहे.

शाळा-महाविद्यालयांसाठी

स्नेहसंमेलनात किंवा विज्ञान प्रदर्शनात प्रात्यक्षिक ठेवण्याची हौस अनेक शाळांना असते. मैदानाच्या चारही बाजूंनी विद्यार्थी बसवून मध्ये विमान उडविणे, हा सर्वांत धोकादायक प्रकार होय. प्रेक्षक एकाच बाजूला असावेत, जमिनीवर दोरी बांधलेली असावी आणि प्रमुख पाहुण्यांसाठीही ती ओलांडण्याची सवलत नसावी. वारा वाढला, तर कार्यक्रमपत्रिकेत नाव छापलेले असले तरी प्रात्यक्षिक रद्द करण्याचा अधिकार वैमानिकाला असावा आणि मुख्याध्यापकांनी तो आधीच मान्य करावा. रद्द झालेल्या प्रात्यक्षिकामुळे विद्यार्थी क्षणभर हिरमुसतील. पण ‘आज उडवायचे नाही’ असे म्हणणारा वैमानिक पाहून ते विमानविद्येचा पहिला धडाही शिकतील.

उड्डाणापूर्वी हे पाहा

• डिजिटल स्कायवरील नकाशा आणि स्थानिक मनाई आदेश आजच पाहिले आहेत काय?
• जागामालकाची परवानगी आहे काय? मैदान पायी फिरून पाहिले काय?
• पंख, शेपूट, स्क्रू, बिजागऱ्या आणि सर्व्होच्या तारा घट्ट आहेत काय?
• गुरुत्वमध्य योग्य जागी आहे काय? सर्वसाधारण प्रशिक्षण विमानात तो पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर असतो.
• कांडी उजवीकडे नेल्यावर उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली जातो काय? कांडी मागे ओढल्यावर एलिव्हेटर वर उचलला जातो काय?
• प्रोपेलरला तडा नाही ना? तडा असलेला प्रोपेलर चिकटवू नये, फेकून द्यावा.
• विमानाची आणि ट्रान्समीटरची बॅटरी पूर्ण भरलेली आहे काय?
• ट्रान्समीटर आधी चालू आणि शेवटी बंद, हा क्रम पाळला जातो आहे काय?
• अंतराची आणि फेलसेफची चाचणी झाली काय?
• प्रोपेलरच्या समोर आणि बाजूच्या रेषेत कोणी उभे नाही ना?
• प्रथमोपचार पेटी, पाणी, वाळू आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक सोबत आहे काय? तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत.

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर असमाधानकारक असेल, तर त्या दिवशी विमान पेटीतच राहू द्यावे.